ए. बी. रोड, चार टायर आणि दोन कट्टे गहू

आमच्या घरात महाराष्ट्रात जाण्याला ‘खाली जाणं’ म्हणतात, आणि ते अगदी शब्दशः खरं आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. राजेंद्रनगर, राऊ, महू, मानपूर मागे पडलं की विंध्य उतरायचा, निमाडातून जाऊन खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्याच्या पुढे सातपुड्याच्या बिजासन घाटातून पळासनेरला महाराष्ट्रात शिरायचं, शिरपूरनंतर तापी, मग धुळे, मालेगाव, चांदवड आणि शेवटी गोदावरीकाठचं नाशिक. दोन पर्वत, तीन मोठ्या नद्या, सुमारे चारशे किलोमीटर. माझं माहेर नाशिकचं आणि सासूबाईंचंही. त्यामुळे आग्रा-मुंबई रस्त्याचा हा तुकडा आमच्या घरात दोन पिढ्या पाठ आहे. कुठे कचोरी चांगली, कुठे स्वच्छतागृह बरं, कुठे नर्मदामैयेला नाणं टाकायला काच खाली करायची, सगळं ठरलेलं.

पूर्वी हा प्रवास एसटीनं किंवा मध्य प्रदेशच्या लाल डब्यानं व्हायचा. टायरची काळजी ड्रायव्हर आणि क्लीनर करायचे. थांब्यावर क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरायचा आणि एकेका टायरवर ठणठण वाजवत फिरायचा. आवाजावरून त्याला हवा कळायची. आता तुमच्या पिढीच्या हातात स्वतःच्या गाड्या आल्या, पण क्लीनर कुणाच्याच गाडीत नाही. घरातली पंचविशीची मुलं-मुली गाडी झकास चालवतात, मोबाइलवर रस्ता बघतात, टोलचा फास्टॅग भरलेला असतो. टायर मात्र पंक्चर झाल्याशिवाय कुणाला आठवत नाही. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि त्यातली एकेक जागा जेमतेम तळहाताएवढी. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग सगळं त्या चार तळहातांच्या भरवशावर.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंच्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या नाशिकच्या मामांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. सहा भावंडांत आता हे दोघंच उरलेत. औक्षण सकाळी नऊला, आणि ते बहिणीनंच करायचं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. हे दोन दिवस आधीच बसनं गेले होते तयारीला. गाडीत मी, जाऊबाई, सासूबाई आणि चालवायला माझी लेक. अख्खा रस्ता तिनं एकटीनं चालवायची ती पहिलीच वेळ.

सामानात सासूबाईंनी मालवी गव्हाचे तीस-तीस किलोचे दोन कट्टे ठेवले. नाशिकला गहू मिळत नाही असं नाही. पण इंदुरातून रिकाम्या हातानं जायचं नसतं. शिवाय शेवेचे डबे आणि मामांसाठी चांदीचं ताट. या कट्ट्यांचा टायरशी थेट संबंध आहे, म्हणून सांगते.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर खाली एक छोटं स्टिकर असतं. बहुतेकांनी ते कधी वाचलेलं नसतं. त्यावर दोन रकाने असतात: कमी माणसं असतील तेव्हा हवा किती, आणि गाडी पूर्ण भरलेली असेल तेव्हा किती. आमच्या गाडीला एरवी चारही चाकांत ३३ पीएसआय, आणि माणसं-सामान भरलं की मागे ३६. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, त्यामुळे माझा घेऊ नका. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तोही घेऊ नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची हवा नव्हे. पंपावरचा मुलगा विचारतो, ‘मॅडम, कितनी रखूँ, तीस?’ आणि आपण ‘हो’ म्हणतो. त्याला तुमच्या डिकीतले कट्टे माहीत नसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर टायर तापतो आणि आतली हवाही. तेव्हा मोजलं तर चार-पाच पीएसआय जास्त दिसतं. लोक घाबरून ती ‘जास्तीची’ हवा काढून टाकतात आणि अर्धवट भरलेल्या टायरवर पुढे निघतात. म्हणून गाडीच्या सॉकेटला लावायचा एक छोटा कॉम्प्रेसर मी घरात ठेवते. पहाटे पाचला अंगणातच हवा भरून घेतली. माळव्यात मे महिन्यातही पहाट गार असते. जाऊबाई तोपर्यंत दशम्या बांधत होत्या.

उन्हाळ्याबद्दल एक समजूत आमच्या कॉलनीतल्या जाणत्या माणसांतही पक्की आहे: ‘उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून चार पीएसआय कमी ठेवावी.’ हे नेमकं उलटं आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेनं. एखादी तार हातात घेऊन झपझप वाकवा आणि सरळ करा. वाकते तिथे ती गरम होते आणि शेवटी तुटते. टायरची बाजू तशीच. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला ती जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते, एका मिनिटात शेकडो वेळा. आतले धागे आणि रबर तापत जातं. वरून निमाडचं ऊन, खाली भाजलेली सडक, मागे दोन कट्टे गहू आणि शंभरचा वेग. बाहेरच्या उन्हानं वाढणारा दाब तसा थोडाच असतो, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय, आणि तेवढ्याचा हिशोब कंपनीनं आधीच धरलेला असतो. टायरच्या आत तयार होणारी उष्णता हा खरा शत्रू.

नायट्रोजनचं विचाराल तर भरायला हरकत नाही, पण त्यासाठी पैसे मोजून निर्धास्त होऊ नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला तरी महिन्याकाठी मोजायला लागतंच.

तर आम्ही निघालो. मानपूरच्या पुढचा उतार, ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम झालेला गणपती घाटाचा भाग, लेकीनं खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरवला. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, चाकं तापतात, ती उष्णता टायरपर्यंत पोहोचते. उतारावर ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास येत होता. सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि रामरक्षा सुरू केली. धामनोदला महेश्वरचा फाटा लागला, तेव्हा अहिल्याबाईंना नेहमीसारखा हात जोडला. खलघाटला नाणं. काच खाली केल्याबरोबर उन्हाची झळ आत आली. साडेआठ वाजले होते. पठार सोडून आपण खोऱ्यात उतरलो हे निमाड असं सांगतं.

जुलवानियाच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहतूक एका बाजूनं वळवली होती. पुढच्या ट्रकच्या आडून खड्डा एकदम समोर आला. उजवीकडे दुसरा ट्रक होता. लेकीनं स्टिअरिंग वळवलं नाही. वेग कमी केला, ब्रेक सोडला आणि गाडी सरळ जाऊ दिली. तिनं बरोबर केलं. तसल्या वेळी खड्डा चुकवायला जाणारे ट्रकखाली जातात. डावं मागचं चाक मात्र जोरात आपटलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, शेवेचे डबे!’

गाडी ओढत नव्हती, स्टिअरिंग थरथरत नव्हतं. सेंधव्याला चहाला थांबलो. थांबलं की गाडीभोवती एक फेरी मारायची, हा त्या जुन्या क्लीनरचा वसा मी घेतलेला आहे. तळहात टायरच्या जवळ न्यायचा, एखादा टायर बाकीच्यांपेक्षा फार गरम लागतोय का बघायचं, बाजूवरून नजर फिरवायची. डाव्या मागच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता.

फुगा म्हणजे काय, तर खड्ड्याची धार आणि लोखंडी रिम यांच्यात टायर चिमटला आणि आतले काही धागे तुटले. तिथे आता हवेला अडवायला फक्त रबर. हवा कमी झालेली नसते, गाडी नीट चालते, म्हणून लोकांना वाटतं चालेल. त्याची दुरुस्ती नसते. पंक्चर नक्षीच्या भागात, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात असेल, तर काढता येतं. बाजूवरचं पंक्चर आणि फुगा, दोन्हीला औषध नाही. तरी चहावाल्याच्या शेजारचा दुकानदार म्हणाला, ‘कुछ नहीं होता दीदी, आराम से धुलिया निकल जाओगे.’ त्याचा हेतू चांगला असेल. पुढे बिजासनचा घाट, उतारावर ट्रकांची रांग, चाळीसच्या वर पारा, मागच्या सीटवर सासूबाई, अगदी त्या चाकाच्या वर. त्या टायरवर मी घाटात एक फर्लांगही गेले नसते.

सासूबाईंना फक्त एकच काळजी. ‘उद्या नऊपर्यंत पोचू ना गं?’

‘आई, आज रात्रीच पोचतो,’ मी म्हटलं. लेकीनं डिकी उघडली.

स्टेपनी कट्ट्यांच्या खाली. दोन्ही कट्टे, डबे, बॅगा, ताट, सगळं सेंधव्याच्या धुळीत उतरवलं. कुणी विचारलं तर सांगा, लांबच्या प्रवासात स्टेपनीवर सामान ठेवताना जड काय ते शेवटी ठेवावं. स्टेपनीत हवा होती, कारण पहाटे पाच टायर मोजले होते, चार नव्हे. पुष्कळ गाड्यांच्या स्टेपनीत हवा असते ती शोरूमनं भरलेली, चार वर्षांपूर्वीची.

या शब्दाची एक गंमत लेकीनंच सांगितली. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. १९०४च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी सुटं चाक विकायला सुरुवात केली. तोवर मोटारींना जादा चाकच नसे. मूळ कंपनी गेली, इंग्रज तो शब्द विसरले, आपण मात्र अजून धरून बसलोय.

चाक तिनंच बदललं. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या समोरच्या चाकाला दगड, मागे लाल त्रिकोण. नट आधी अर्धा फेरा ढिले करायचे आणि मग जॅक लावायचा; गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. जॅक कडक जमिनीवर हवा. उन्हानं मऊ झालेल्या डांबरात तो रुततो, म्हणून खाली फळी घेतली. नट कसताना ओळीनं नाही, समोरासमोरचे, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं. चहावाला, दुकानदार आणि दोन ट्रकवाले भोवती उभे राहून सल्ले देत होते. सासूबाई खुर्चीवर बसून त्यांना म्हणाल्या, ‘करने दो उसको, आता है.’

आमची स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान आहे. हल्ली पुष्कळ गाड्यांना तशीच देतात आणि वर पिवळ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं: ८० किमी. म्हणजे तिच्यावर नाशिक गाठायचं नसतं, टायरच्या दुकानापर्यंत जायचं असतं. काही गाड्यांना तर स्टेपनीच नसते. २०२०मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर सुटं चाक न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. तो संच खिळ्यासाठी ठीक आहे. फुग्यापुढे तो काय करणार? गाडी घेताना रंगाबरोबर हेही विचारत जा.

सेंधव्यात आमच्या मापाचा टायर नव्हता. धुळं शंभरेक किलोमीटर. लेकीनं घाट आणि पुढचा रस्ता सत्तरनं काढला. डावीकडून चाललो होतो, सगळं जग हॉर्न देत पुढे जात होतं. पळासनेरला महाराष्ट्राची पाटी आली तेव्हा जाऊबाईंनी दशम्या काढल्या. शिरपूरला नट पाहिले, एक थोडा ढिला निघाला. त्याच्या थोडं पुढे दुभाजकाला घासून उभी असलेली एक गाडी दिसली, मागच्या टायरच्या चिंध्या झालेल्या, माणसं झाडाखाली बसलेली, सुखरूप. गाडीत कुणी काही बोललं नाही. मग लेकीनं विचारलं, ‘आई, चालता चालता फुटलाच तर?’ तिला सांगितलं ते इथेही लिहिते. ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, एक्सलेटरवरून पाय हळूहळू काढायचा, गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं, मग कडेला घ्यायचं. पहिले तीन सेकंद हात सगळं ठरवतात. आणि ब्रेकवर पाय आपोआप जातो, म्हणून हे आधी मनात घोकून ठेवावं लागतं.

धुळ्यात टायरचं मोठं दुकान मिळालं. दुकानदार अहिराणी वळणाच्या मराठीत गोड बोलत होता. टायर आणला, नवा कोरा, वर कंपनीचा कागद चिकटलेला. लेक खाली बसली आणि मोबाइलच्या उजेडात टायरच्या बाजूवर काहीतरी शोधायला लागली. लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं १४२१, म्हणजे २०२१चा चौदावा आठवडा.

‘काका, हा चार वर्षांचा आहे.’

‘ताई, एक दिवस वापरला नाही. गोदामात होता.’

‘रबर गोदामातही म्हातारं होतं ना, काका?’

दुकानदारानं तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंना पाणी देत होते. आतून दुसरा आला. त्यावर ४८२४, सहा महिन्यांचा. किंमत तीच. पहिला टायर काही टाकाऊ नव्हता, नीट ठेवलेला टायर तेवढ्या काळात बिघडतोच असं नाही. पण पैसे नव्याचे देताना वयाची चार वर्षं आपण का सोडायची? पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नये, असं टायर कंपन्याच सांगतात. आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा देवळात जाणाऱ्या गाड्या आहेत, बारा हजार किलोमीटर झालेल्या, टायर दिसायला नवे, बाजूवर बारीक भेगा. त्या गाड्या एकदम मे महिन्यात नाशिक-पुण्याला निघतात.

बाकीचे तीन टायर दीड वर्षाचेच, म्हणून एकाच टायरवर भागलं. माप, कंपनी, नक्षी तीच घेतली. एका धुरीवर दोन जातींचे टायर नकोत. लेकीनं उरलेल्यांची नक्षीही पाहून घेतली. नक्षीच्या खोल खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलंय. ही झीज वाचता आली की गॅरेजवाल्यानं काय करायचं ते तुम्ही सांगता, तो तुम्हाला नाही.

नवं चाक बॅलन्सिंग करून बसवलं. फुग्याच्या टायरचे तीनशे रुपये देतो म्हणाला. तो कुठेतरी सेकंडहँड म्हणून कुणाच्या गाडीला लागणार, हे दिसत होतं. लेक म्हणाली, ‘तीनशे नकोत, आमच्यासमोर कापा.’ पोऱ्यानं कुरकुरत कापला. आतून पाहिलं तर फुग्याच्या जागी धागे विस्कटलेले, फाटलेल्या पोत्यासारखे.

चांदवडला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. रेणुकामातेच्या डोंगराकडे आणि होळकरांच्या रंगमहालाकडे सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. एरवी आम्ही थांबतो. नाशिकला रात्री साडेआठला. मामा फाटकात उभे होते. आम्हाला उशीर का झाला ते सासूबाईंनी त्यांना दाराशीच सविस्तर सांगितलं, त्यात नातीचा पराक्रम पुष्कळ वाढवून. सकाळी नऊला औक्षण झालं.

दुपारी जेवणानंतर मामांनी लेकीला गाडीपाशी बोलावलं आणि चार आकडे कुठे असतात ते दाखवायला सांगितलं. मग त्यांच्या स्वतःच्या गाडीचे बघितले. ३११४ निघाले. मामेभावानं दुसऱ्याच दिवशी चारही टायर बदलले. आम्ही आमच्या गाडीचं अलाइनमेंट तिथेच करून घेतलं, कारण असा दणका बसल्यावर चाकं थोडी तिरकी झालेली असू शकतात, आणि मग नवा टायरही दोन महिन्यांत एका कडेनं खाल्ला जातो.

परतीच्या पहाटे लेक हवा मोजायला बसली. कट्टे उतरले होते, तेव्हा मागे ३३ पुरेत असं तिचं म्हणणं. तेवढ्यात मामी आंब्याच्या चार पेट्या घेऊन बाहेर आल्या. तिनं मुकाट्यानं पुन्हा ३६ केले.